गडग्यापलीकडची घावनं

आमच्या आणि काकींच्या परड्यांमधला गडगा जेमतेम कमरेइतका. जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, ना माती ना चुना. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तेरडा उगवतो, पण फणसाखालचा हातभर तुकडा बाराही महिने घासल्यासारखा स्वच्छ. तिथून वाट्या जातात-येतात. रिकामी वाटी परत करायची नाही हा दोन्ही घरांचा कायदा. त्यामुळे 31 वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुरू झालेला हिशेब अजून मिटलेला नाही.

त्या सकाळी मात्र गडग्यावर वाटी आली नाही, काकीच आल्या.

"काय गो, माझी घावनं मोत्यानं खाल्ली?"

मोत्या आमचा कुत्रा. काकींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची मागची पायरी स्वच्छ दिसते, हे मी 31 वर्षांत एकदाच विसरले, आणि नेमकं तेव्हाच.

"सगळी नाही काकी. दोनच."

"मी चार दिली होती."

"दोन ह्यांनी खाल्ली."

"म्हणजे तुझ्या तोंडात एकही नाही." काकी गडग्याला टेकल्या. हे लक्षण वाईट. टेकल्या म्हणजे तासाभराची निश्चिंती. "नारळाचा रस घालून दिला होता बरोबर. मोत्याला रसही वाढलास काय?"

मग सांगणं भागच होतं. "काकी, मी कार्ब बंद केलेत."

"कार्बाइड? अगो, ते मेले आंब्याच्या पेटीत घालतात ते? तू ते कधीपासून खात होतीस?"

"कार्बाइड नव्हे हो, कार्ब. कर्बोदकं. भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा, साबुदाणा. पिठूळ आणि गोड ते सगळं."

काकींनी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "मग उरलं काय? सोवळं नि पाणी?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाहीतर घावन, नाहीतर आंबोळी. दुपारी भात, रात्री भात. पाहुणा आला तर पोहे, म्हणजे पुन्हा तांदूळच, चपटा केलेला. पुण्याच्या माझ्या भाचीचा आहाराचाच अभ्यास आहे. मे महिन्यात ती आली होती. मी पाटावरून उठताना गुडघ्याला हात लावते आणि 'आई गं' म्हणते, हे तिनं पाहिलं. कागद-पेन्सिल घेऊन बसली. एक वाटी भात म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, असं लिहून तिनं विचारलं, "मावशी, दिवसाच्या किती वाट्या?" मी म्हटलं, वाटीनं कोण मोजतं, आम्ही मुदीनं खातो. हिशेब झाल्यावर तिनं कागद माझ्याकडे वळवला. मी तो घडी करून पंचांगात ठेवला.

"तिचं म्हणणं, दिवसाला 130 ग्रॅमच्या आत राहायचं," मी काकींना सांगितलं. "केटो करणारे तर 50 च्याही आत राहतात. तिनं मला ते करू दिलं नाही. मीच चार दिवस चोरून केलं."

"चोरून लोक खातात गो. तू चोरून उपाशी राहिलीस?"

त्या चार दिवसांचं मी त्यांना सगळं सांगितलं नाही, इथे सांगते. तिसऱ्या दिवशी कपाळ असं ठणकलं की मी दुपारी देवघरासमोरच आडवी झाले. हे म्हणाले, तुझ्या तोंडाला नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येतोय. तो खराच होता. पिठूळ खाणं फार कमी केलं की शरीर चरबी जाळतं, त्यात जी द्रव्यं तयार होतात त्यांतलं एक ॲसिटोन, आणि ते श्वासातून बाहेर पडतं. डोकं दुखत होतं ते वेगळ्या कारणानं. रक्तातलं इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी सोडून देतात. भाची फोनवर आधी ओरडली, मग म्हणाली, मीठ घालून ताक पी, आणि पुन्हा असला आगाऊपणा करू नकोस. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यानं मिठाचा हा उद्योगही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही, हेही तिनं सांगितलं. ताकानं तासाभरात डोळे उघडले.

"आणि मुहूर्त कुणी काढून दिला तुला?" काकींचा मूळ आक्षेप आता वर आला. "जून महिना! एक जून ते 31 जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी नाही. लगेच श्रावण लागला, म्हणजे अंडंही नाही. भात सोडायचा होता तर दिवाळीनंतर सोडायचा. बांगडा तरी असता ताटात."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जूनमध्ये सुके बोंबील आणि अंडी यांवर निभावलं. बोंबलाची चटणी आणि भाकरी हे सगळ्या वाडीचं सुख, त्यातली भाकरी काढून मी नुसती चटणी खाल्ली आणि रात्रभर पाणी प्यायले. बाजूच्या गावातून एकदा खाडीची मासळी मिळाली, तिचं तिखलं केलं. वाटीत घेऊन चमच्यानं खायला बसले, तर हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की जणू घरात काहीतरी अशुभ घडलंय. कोकणात आमटी चमच्यानं आजाऱ्याला पाजतात.

"भाकरी चालते म्हणतात की," काकी म्हणाल्या. "सड्यावरची मास्तरीण भात सोडून नाचणीची भाकरी खाते. तिला कोणी सांगितलं, वजन उतरतं."

"काकी, सुक्या पिठाच्या हिशेबानं नाचणी, ज्वारी, गहू, तांदूळ सगळी एका माळेची. 100 ग्रॅममागे 65 ते 80 च्या घरात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, कोंडा जास्त, पोट भरतं, ती चांगलीच. पण चार भाकऱ्या खाऊन भात सोडला म्हणणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवणं."

"तिला सांगू नकोस. बिचारी खुशीत आहे." एवढं म्हणून काकींनी ही बातमी कुठे ठेवली ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. संध्याकाळपर्यंत ती सड्यावर पोचणार होती.

मग नारळाची चौकशी झाली. नारळ चालतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ओल्या खोबऱ्यात चरबी भरपूर, पिष्ट थोडं. सोलकढी चालते, खोबरं घातलेली फरसबी चालते, टाकळ्याची भाजी चालते, शेवग्याचा पाला चालतो. काजू जपून, बदामापेक्षा काजूत पिठूळ अंश जास्त. "आपल्या दारचा काजू जपून आणि परमुलखातला बदाम चालतो, हे कुणी ठरवलं?" असं त्यांनी विचारलं. मी बदामाच्या पिठाची किंमत सांगितली. किलोला हजाराच्या पुढे. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढ्यात सुरमई येते गो." त्या पिठाची पोळी लाटताना तिचे अकरा तुकडे झाले, हे मी सांगितलं नाही. फ्लॉवर किसून केलेल्या भाताचं सांगितलं, कारण तो त्यांना वासावरून आधीच कळला होता. त्या दिवशी त्यांनी सुनेला आमच्या गटाराचं झाकण बघून यायला पाठवलं होतं.

"असली खुळं टीव्हीवरून येतात," काकी म्हणाल्या.

"टीव्हीच्या आधीपासूनची आहेत. लंडनमध्ये विल्यम बँटिंग म्हणून एक जण होता. 1863 साली त्यानं ह्याच्यावर छोटं पुस्तकच लिहिलं."

"डॉक्टर?"

"अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारा. शवपेट्या वगैरे."

काकींचा चेहरा उजळला. अशी बातमी रोज मिळत नाही. "मढ्याच्या पेट्या करणारा माणूस जेवायचं कसं ते सांगतो? अगो, त्याला काय, दोन्हीकडून फायदा."

"त्याचं स्वतःचं वजन 92 किलो, उंची पाच फूट पाच इंच. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरताना उलटा, पाठमोरा उतरायचा."

"मीपण माळ्यावरून उलटीच उतरते."

"ऐकू कमी येतं म्हणून तो हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, कानाचं राहू दे, आधी पाव, साखर, बियर, बटाटा बंद कर. मांस, मासे, भाज्या खा. वर्षभरात 21 किलो उतरलं. कानही सुधारले. पुढे 81 वर्षांचा होऊन गेला. त्याच्या नावावरून स्वीडनमध्ये अजून वजन उतरवण्याला 'बांता' म्हणतात."

"नि दारू?"

"वाइन चालायची. रोज."

"हे तुझ्या काकांना सांगू नकोस." काकींनी मागे वळून बघितलं. काका पडवीत पेपर वाचत होते, पण त्यांचं पान बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

मग गाडी आमच्या महाराष्ट्रावर आली, ती येणारच होती. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवायची पद्धत आमच्या वाडीत पाच घरांत येऊन गेली आहे. दिवसातून दोन वेळा, 55 मिनिटांच्या आत जेवण उरकायचं, मधे तोंडात काही टाकायचं नाही. त्याचं मूळ श्रीकांत जिचकरांच्या सांगण्यात आहे. आणि ऋजुता दिवेकरांचं ऐकणारी दोन घरं आहेत. त्या म्हणतात थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, तूप सोडू नका, आपल्या मातीतलं खा. एका लग्नात ही दोन्ही घरं एका पंगतीला बसली होती. एक पक्ष घड्याळ लावून जेवत होता, दुसरा जिलबीवर तूप मागत होता.

"एक म्हणतो दोन वेळा, दुसरी म्हणते दोन तासांनी," काकींनी निकाल दिला. "म्हणजे दोन आकडा खरा. वेळा की तास एवढाच घोळ."

मला विचाराल तर घोळ त्याहून मोठा आहे. भाचीनं सांगितलं होतं, अमेरिकेत स्टॅनफर्डला 609 माणसांवर वर्षभर प्रयोग केला, 2018 साली तो छापून आला. अर्ध्यांनी कर्बोदकं कमी केली, अर्ध्यांनी चरबी. वर्षाअखेर पहिल्यांचं सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्यांचं 5.3. म्हणजे बरोबरीच. पण दोन्ही गटांत कुणाचं ढीगभर उतरलं आणि कुणाचं चक्क वाढलं. मी हे काकींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे भात खाऊनही उतरलं असतं?" मी म्हटलं, कदाचित. त्या म्हणाल्या, "मग घावनानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

खरं सांगायचं तर माझं उतरलं ते भाताच्या मुदीमुळेच. मूद गेली आणि तिच्याबरोबर ती खाऊन येणारी दुपारची झोप गेली, चारचा चहा, त्याबरोबरचे चार बिस्किटांचे पुडे गेले. ताटात डाळ, उसळ, अंडं वाढलं तसं पोटही लवकर भरू लागलं. चमत्कार म्हणावा असं त्यात काहीच नाही. पण मुदीशी सवाष्णीसारखा संसार केलेल्या बाईला तिच्याशी काडीमोड घ्यायला एखादं भारदस्त नाव लागतं. 'थोडं कमी जेव' म्हटलं तर ती ऐकणार नाही, 'लो कार्ब' म्हटलं की ऐकते.

"किती उतरलं मग एकदाचं?"

"79 होते. पहिल्या आठवड्यात अडीच किलो."

"अडीच!" काकी सरळ उभ्या राहिल्या.

"थांबा. ती चरबी नव्हे, बरंचसं पाणी. शरीरात साखरेचा एक साठा असतो, यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात बंद झाला की आधी तो साठा संपतो आणि पाणी जातं. त्यानंतर दोन महिन्यांत दोनच किलो. आता काटा 74 वर अडून बसलाय."

"79 तून अडीच नि दोन गेले की साडेचौऱ्याहत्तर होतात."

काकी चौथी शिकल्या आहेत, पण दूधवाल्याला आजवर त्यांच्याशी हिशेबात जिंकता आलेलं नाही.

"साडेचौऱ्याहत्तरच आहे," मी कबूल केलं. "नागपंचमीपर्यंत 74 होतं."

नागपंचमीच्या दिवशी गडग्यावर काकींच्या पातोळ्या आल्या होत्या. हळदीच्या पानात उकडलेल्या, पान सोडवलं की वाफेबरोबर गुळाचा नि हळदीचा वास. त्या मोत्याला मिळाल्या नाहीत. मी पाच खाल्ल्या, उभ्यानंच, पानं चाटून. दुसऱ्या दिवशी काटा अर्धा किलो वर. तेही पाणीच, आलेलं परत, पण काट्याला ते सांगून पटत नाही.

"पाच?" काकींचा आवाज मऊ झाला. "मग घावनांनाच कशाला शिवाशीव?"

"पाचांमुळेच."

पावसाची सर आली. दोघीही फणसाखाली सरकलो, गडगा मधे तसाच. आता काकींच्या आवाजात ती धार राहिली नव्हती, म्हणजे आता खरी बातमी निघणार हे मी ओळखलं.

"खालच्या वाडीतल्या अण्णांचं कळलं ना? एसटी स्टँडवर घामाघूम होऊन बसले. हात लटलटा कापत होते. कुणी म्हणालं प्यायलेत, कुणी म्हणालं वारं लागलं. अण्णा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. कंडक्टरनं लिमलेटच्या गोळ्या चारल्या तेव्हा कुठे शुद्धीवर आले. मुंबईचा पुतण्या म्हणाला होता भात सोडा, म्हणून सोडला."

"आणि साखरेच्या गोळ्या चालूच ठेवल्या."

"तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला लागत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. डॉक्टरांनी त्या अण्णांच्या दोन वेळच्या भाताचा अंदाज धरून दिलेल्या. भात काढला, गोळी तेवढीच, मग रक्तातली साखर खाली घसरणारच. भाचीनं मला पहिल्या दिवशी विचारलं होतं ते हेच: इन्सुलिन, गोळ्या काही चालू आहे का? असेल तर डॉक्टरांनी मात्रा बदलून दिल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत त्या घेणाऱ्यानं तर जास्तच सांभाळायचं. त्यात रक्तातली साखर ठीक दिसत असतानाही आतून आम्ल वाढून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. मी हे काकींना नीट, सावकाश सांगितलं. ही बातमी सड्यावर पोचली तर चांगलंच होतं.

"आमच्या ह्यांना ती भीती नाही," काकी म्हणाल्या. "काडीसारखे आहेत."

मी पडवीकडे बघितलं. काका काडीसारखेच. हात काडी, पाय काडी, आणि मधे बनियनखाली, देवापुढे ठेवलेल्या नारळासारखं पोट.

"काकी, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टर याज्ञिकांनी 2004 साली लॅन्सेट नावाच्या साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी इंग्लंडचे डॉक्टर युडकिन. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही 22.3, अगदी सारखा. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनची नऊ टक्के आणि याज्ञिकांची 21. आपल्या लोकांचं हे असंच. काडी दिसते, चरबी आत लपलेली असते, आणि साठते ती पोटात. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप खरी. बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90. त्याच्या पुढे गेलं की जपायचं."

"80 म्हणजे इंचात किती?"

"साडेएकतीस."

काकी काही बोलल्या नाहीत. सर थांबली होती. त्या घरात गेल्या आणि शिलाई मशीनच्या खणातली पिवळी टेप घेऊन आल्या. मला वाटलं काकांना हाक मारतील. त्यांनी मारली नाही. पडवीकडे पाठ केली, नऊवारीच्या निऱ्यांवरून टेप फिरवली, मग विचार करून पदराआड हात घालून निऱ्यांच्या आतून फिरवली. आकडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. चष्मा नव्हता, म्हणून टेप लांब धरून बघितला.

"किती?" मी विचारलं.

"टेप जुनी आहे. ताणली गेलीय." त्यांनी टेप गुंडाळली. "नि घावनांची वाटी कुठाय माझी? रिकामी पाठवू नकोस."

मी दोन कोवळी घोसाळी तोडून वाटीत घातली. काकींनी ती उलटून पालटून बघितली, चार घावनांच्या बदल्यात दोन घोसाळी हा व्यवहार त्यांना मान्य नसल्याचं तोंडानंच सांगितलं, आणि गेल्या.

संध्याकाळी मी मागच्या पायरीवर मोत्याला जेवण घालत होते. आमची पायरी जशी त्यांच्या खिडकीतून दिसते, तशी त्यांची खिडकी आमच्या पायरीवरून ऐकू येते. आत कपबशा वाजल्या, आणि मग काकींचा आवाज, सुनेला, अगदी दबका:

"माझ्यात साखर घालू नकोस गो. नि बोलू नकोस कुठे. त्या गडग्यापलीकडे तर मुळीच."